बॉल लागला का भाग

क्रिकेटनं आपल्या लेकरायचे पाय बिघडवून ठेवले आहेत. कोणाले राग आला तं येऊ द्या. मी इकडं हिंदी मुलखात, भनपुरीकडच्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवते अन् सुट्टी झाली का त्याच पोरीयले मैदानात बेसबॉल शिकवते, त्यामुळे हे बोलायचा हक्क माझा आहे. नवी पोट्टी येते, बॅट हाती घेते, बॉल असा मारते का पाहत राहावं. अन् मंग जागच्या जागी उभी राहते. हात वर करून समोर कोणाले तरी सांगते, "नो." समोर कोणीच नसते. क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाले जोडीदार असतो, रन घ्यायचा का नाही हे मर्जीवर असते. बेसबॉलमध्ये बॉल लागला, रेषेच्या आत पडला, का बॅट तिथंच टाकायची अन् पहिल्या बेसकडे पळत सुटायचं. मर्जीफिर्जी काही नाही. उभी राहिली का आउट.

किती बोंबलली मी यापायी. फळ्यावर मैदान काढून दाखवलं, स्वतः साडी खोचून पळून दाखवलं. शेवटी वैतागून एक नियम केला. ज्या पोरीच्या बॅटले बॉल लागला तिले मैदानातल्या सगळ्यायनं ओरडून सांगायचं, भाग. सावलीत बसलेल्या पोरीयनं, नळावर पाणी पिणाऱ्या पोरीयनं, अन् बॉल पकडायले उभ्या असलेल्या पोरीयनंही. एकीनं विचारलं, "मॅडम, हम तो उसको आउट करने खड़े हैं, हम क्यों बोलें?" मी म्हटलं, अर्धी टीम इकडं उभी आहे, अर्धी तिकडं, अन् घरी जाताना एकाच ऑटोत कोंबून जाता. इथं समोरचा कोण आहे? जी बोलणार नाही तिनं मैदानाले चक्कर मारायची. मंग लागली सवय. इतकी लागली का वर्गात एखादी पोट्टी फळ्याजवळ समीकरण सोडवता सोडवता अडली तं मागच्या बाकावरून आवाज यायचा, भाग. मी डोळे वटारायची, पण आतून मले बरं वाटायचं.

शाळेत या खेळाची कोणाले पर्वा नव्हती. ग्लोव्ह अन् बॅटांची पेटी स्टोअरमध्ये सीलबंद पडून होती, वर झाडू ठेवले होते. मी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळली होती म्हणून मले ती पेटी काय आहे हे कळलं. मैदान म्हणजे अर्धं ट्रकवाल्यायचं, अर्धं लग्नावाल्यायचं. मंडपाचे खिळे रोज सकाळी वेचायचे अन् मंग चुन्यानं बेस आखायचे. स्टाफरूममध्ये मले डंडेवाली मॅडम म्हणत. प्राचार्य तं तोंडावर म्हणायचे, "मॅडम, विज्ञान धरा नाहीतर डंडा धरा, दोन्ही कायले?" मले सांगा, मतदार यादी घेऊन घरोघरी फिरवता तेव्हा कोणी म्हणत नाही का एकच धरा. सर्व्हे करा, डाळभाताची चव पाहा, निवडणुकीत पेट्या सांभाळा, तेव्हा बाईले दहा हात असतात. पोरीयले पळायले शिकवलं का लगेच विज्ञान बुडते. माझ्या वर्गाचा निकाल कधी बुडला नाही, हे मी त्यायले प्रत्येक मीटिंगमध्ये सुनावलं अन् प्रत्येक मीटिंगमध्ये त्यायनं घड्याळ पाहिलं.

आता त्या पोट्टीचं सांगते.

ती नववीत माझ्या वर्गात आली अन् अकरावीपर्यंत माझी कॅचर राहिली. कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागं उकिडवी बसून पिचरचा, म्हणजे बॉल टाकणारीचा, प्रत्येक बॉल झेलणारी. तोंडावर जाळीचा मास्क, छातीवर पॅड, अन् दुपारच्या उन्हात तिथंच बसायचं. कोणी पाहत नाही तिच्याकडे. बॅटवालीले टाळ्या पडतात, पिचरले टाळ्या पडतात, कॅचरच्या हातून सुटला तरच लोकायले ती दिसते. हिच्या हातून सुटत नव्हता. बॅट नाकासमोरून गेली तरी हिची पापणी लवायची नाही. मी पोट्ट्यायले शिकवून शिकवून हात टेकले आहेत तरी डोळे मिटतात त्यायचे. हिले ते शिकवावंच लागलं नाही.

बाप ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमध्ये फिटर, मूळचा भंडाऱ्याकडचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. मी दारात गेली का हात पुसत बाहेर यायचा, "जय भीम, ताई." घरात सगळे मराठीत बोलत, पोट्टीले शब्द न् शब्द कळे, पण उत्तर हिंदीतच. मी मराठीत रागवायची, ती हिंदीत माफी मागायची. असं आमचं तीन वर्षं चाललं.

बापाची बहीण अभनपुरले बाजारात नाश्त्याचं हॉटेल चालवते. तिले घरचा माणूस पाहिजे होता अन् तिच्या नजरेत एक मुलगाही होता. बापानं मले दारात उभं राहूनच साफ सांगितलं. पोट्टी राज्याच्या टीममध्ये गेली तं तिले खेळाच्या होस्टेलमध्ये जागा भेटते, जेवण तिथं, शाळा तिथं, मंग तो बहिणीले नाही म्हणू शकतो. नाही गेली तं अकरावीची परीक्षा झाली का अभनपुर. "ताई, नाही निवडली तं माझ्याजवळ दुसरा रस्ता नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, निवडणार. अशी कॅचर पूर्ण राज्यात नाही, मी पैज लावून सांगते. ती आत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकून राहिली होती.

निवड चाचणीच्या काही दिवस आधी माझ्या घरी एक बाई आल्या. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात राहतो, तिथल्या गल्लीत स्कुटी वळवताना आरसा भिंतीले घासते. त्यांची गाडी तोंडाशीच अडकून राहिली अन् त्या ड्रायव्हरले शिव्या घालत पायी आल्या. मोठ्या अधिकाऱ्याची बायको. मिठाईचा डबा टेबलावर ठेवला अन् बसायच्या आधीच बोलायले लागल्या. मुलगी मोठ्या प्रायव्हेट शाळेत शिकते, क्रिकेट अकॅडमीत जाते. पण क्रिकेटमध्ये गर्दी लय. राष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट पाहिजे, अ‍ॅडमिशनसाठी. कोणीतरी सांगितलं का बेसबॉलमध्ये पोरीच कमी असतात, तिथं काम होऊन जाते. "आप बस दस-पंद्रह दिन देख लीजिए," त्या म्हणाल्या, "वहाँ जाकर अटपटा न लगे बस. बाकी बात हो गई है."

बाकी बात हो गई है. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे निवड आधीच झाली, आता माझ्याकडून फक्त रंगरंगोटी पाहिजे. मी डबा उचलून त्यांच्या हातात दिला अन् म्हटलं, मले वेळ नाही. त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "शिकवून दिलं असतं तं काय बिघडत होतं? वैर कायले घ्यायचं?" मी त्याले म्हटलं, तुमच्या ऑफिसात तुमच्या खुर्चीवर कोणी पोट्टा आणून बसवला अन् तुम्हालेच म्हटलं का याले फाइल कशी धरायची तेवढं दाखवा, तं दाखवाल? तो पेपर घेऊन गच्चीवर गेला.

चाचणीच्या दिवशी मैदानात पोहोचलो तं टीम जवळजवळ ठरलेली होती, एकच जागा बाकी होती. हे निवड समितीच्या एका सरांनीच मले सांगितलं, वरून मोठेपणानं, जसं काही प्रसाद वाटून राहिले. माझ्या पोट्टीनं सकाळीच बॅटिंग केली. मारला, बॅट टाकली, पळाली, बेसवर उभी. टाळी कोणीच वाजवली नाही. मंग तिले मास्क घालून मागं बसवलं, कारण दुसरी जी कॅचर होती तिच्या हातून बॉल सुटून सुटून सरांच्या खुर्चीपर्यंत येऊन राहिला होता. म्हणजे पूर्ण सकाळ बाकीच्या पोरीयची परीक्षा माझ्या पोट्टीच्या भरवशावर झाली. ती उन्हात बसून झेलत होती अन् समितीवाले शामियान्याखाली समोसे खाऊन राहिले होते. एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही. मी जाऊन सांगितलं, सर, जरा कॅचरकडे पाहा. "देख रहे हैं, मॅडम, देख रहे हैं." पाहत होते समोशाकडे.

मंग अधिकाऱ्याची मुलगी आली. पांढरेशुभ्र बूट, नवी कोरी बॅट. दिसायले गोड पोट्टी, खोटं कायले बोलू. तिनं येऊन जमिनीवर बॅट टेकवली, क्रिकेटमध्ये गार्ड घेतात तशी, अन् मी समजली. हिले कोणी शिकवलं नाही. ही मारणार अन् उभी राहणार. मले आनंद झाला, साफ सांगते. एवढ्या पोरीयसमोर, एवढ्या कोचायसमोर ती हात वर करून नो म्हणाली असती, बॉल बेसवर आला असता, पूर्ण मैदान हसलं असतं. अन् मंग समितीची काय हिंमत होती तिचं नाव घ्यायची? थोडीतरी लाज माणसाले असते. मी दोन्ही मुठी आवळून उभी होती.

पिचरनं बॉल टाकला. पोट्टीची नजर चांगली होती, अकॅडमीचे पैसे वाया गेले नव्हते. खणकन लागला, उजव्या बाजूले दूर गेला. अन् ती उभी राहिली. हात वर केला. तोंड उघडलं, "नो."

"भाग, दीदी, भाग."

मास्कच्या आतून. माझीच पोट्टी.

ती अधिकाऱ्याची मुलगी दचकली अन् पळाली. बॅट हातात घेऊनच पळाली. तिकडं बॉल उचलणाऱ्या पोट्टीच्या हातून तो दोनदा निसटला. इकडं हिनं बेसपाशी पोचून बॅट लांबवून जमिनीवर टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी, अन् मंग तिचा पाय बेसवरून पुढं गेला. अंपायरनं सेफ दिलं, म्हणजे नॉटआउट. शामियान्यात टाळ्या पडल्या. एक सर उभे राहून म्हणाले, काय नॅचरल टॅलेंट आहे.

मुलगी धापा टाकत परत आली. माझ्या पोट्टीनं मास्क वर केला, घामानं केस कपाळाले चिकटलेले, अन् तिले समजावून म्हणाली, "दीदी, बॅट छोड़ के भागते हैं." ती म्हणाली, "अच्छा? थँक्यू." मी तिथंच उभी होती. मले माझ्या पोट्टीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

दुपारी नावं वाचली. शेवटची जागा कोणाले गेली हे सांगायची गरज नाही. मी शामियान्यात शिरली. तुम्ही सकाळपासून एकदा तरी कॅचरकडे पाहिलं का, मी विचारलं. त्या पोट्टीले बेस कायले म्हणतात हे माहीत नाही, तिनं बॅट टेकवली, बॅट. सर शांतपणे हात पुसत म्हणाले, "मॅडम, लड़की ने मारा, भागी, सेफ हुई. आपके सामने हुआ. अब और क्या चाहिए?" मारलं होतं, पळाली होती, सेफ होती. "आपकी वाली भी अच्छी है," ते म्हणाले, "अगले साल देखेंगे." पुढच्या वर्षी. यांची वर्षं सरकारी आहेत, एक गेलं का दुसरं येते. त्या पोट्टीजवळ दुसरं वर्ष नव्हतं. हे मी त्यांना ओरडून सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्यांचे कोच खाली मान घालून ऐकत राहिले, अन् सरांनी ड्रायव्हरले गाडी काढायले सांगितली.

परत येताना ती स्कुटीवर माझ्या मागं बसली होती, मांडीवर पॅडची पिशवी. भनपुरीपर्यंत मी गाडी तशीच दामटली. मंग रस्त्याच्या कडेले, ट्रकच्या रांगेत, गाडी थांबवली.

"काहून बोलली तू?"

"मुँह से निकल गया, मॅडम."

"तुले माहीत होतं ना एकच जागा आहे? ती तिले गेली म्हणजे तुझी गेली, माहीत होतं ना?"

"हाँ."

"मंग?"

तिनं खाली पाहिलं. "बॉल लगा था ना, मॅडम."

तीन वर्षं मीच ओरडून ओरडून तिच्या डोक्यात घातलं होतं. आपली असो का समोरची असो, बॉल लागला का भाग. माझा राग कुठं काढावा ते मले कळेना. मी पुन्हा गाडी सुरू केली.

बापानं सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला असता तं मले बरं वाटलं असतं. तो हातातलं फडकं घडी करत बसला. मंग म्हणाला, "ताई, एक इचारतो, राग मानू नका. इतकी वर्षं उन्हात बसवलं तिले. तुम्ही तिले शिकवलं तरी काय?" मी त्याच्या पाया पडायची बाकी होती. म्हटलं, एक वर्ष थांबा, मी फी भरते, माझ्या घरी राहू द्या. तो म्हणाला, "तुमचे उपकार लय झाले, ताई." याच्यापुढं बोलायची सोय त्यानं ठेवली नाही. परीक्षा झाली अन् पोट्टी अभनपुरले गेली.

अन् माझं नशीब पाहा, राष्ट्रीय स्पर्धेले मुलींसोबत एक बाई पाहिजे म्हणून मलेच पाठवलं. ऑर्डर निघाली, नाही म्हणायची सोय नव्हती. त्या अधिकाऱ्याच्या मुलीची बॅग मोजायची, तिले ताप आला तं गोळी द्यायची, तिच्या आईचे फोन घ्यायचे, हे सगळं मी केलं. पोट्टी वाईट असती तं माझं काम सोपं झालं असतं. पण ती रोज सकाळी माझ्यासाठी चहा आणायची. पहिल्याच दिवशी कानाजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, मुझे उतारना मत. मुझे बॉल से डर लगता है." टीमच्या कोचलेही ते कळलं होतं. ती पूर्ण स्पर्धा बाकावर बसून राहिली. तिकडं टीमची कॅचर, चाचणीतलीच ती दुसरी, बॉल सोडत राहिली, आम्ही हरलो, अन् परत येताना सगळ्यायसोबत तिलेही सर्टिफिकेट भेटलं. फोटोत ती मधात उभी आहे.

मध्यंतरी मैदानावर मी तो नियम बंद करून टाकला होता. कोणी ओरडायचं नाही, ज्याचं त्यानं पाहायचं. नव्या पोट्ट्या मारून उभ्या राहू लागल्या, आउट होऊ लागल्या. प्राचार्य खिडकीतून म्हणाले, "मॅडम, आजकल शांति है." मले तेही सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा सुरू केला.

परवा शाळा सुटायच्या वेळी फोन आला. मागं कढईत काहीतरी तळल्याचा आवाज, कोणी तरी भजे मागून राहिलं होतं. ती होती. मी बरी आहे का, नवी कॅचर कोण, मंडपाचे खिळे अजून वेचता का, सगळं हिंदीत विचारलं. मंग म्हणाली, "मॅडम, वो दीदी वहाँ कैसा खेली? बॅट छोड़ के भागी क्या?"

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. पण तिच्यासोबत मी कधी खोटं बोलली नव्हती. मी म्हटलं, नाही ग. तिले बॅट हाती घ्यायची वेळच आली नाही. ती पूर्ण वेळ बाकावरच बसून होती.

तिकडं कढई चरचरत राहिली. आत्यानं तिले हाक मारली. मंग इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोट्टी माझ्याशी मराठीत बोलली.

"म्हणजे मॅडम, ती जागा रिकामीच होती काय?"